खोगिरावरचे मन

के. आर. पुरम येथील रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये नोकरीस असलेले एक गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. कुटुंब मूळचे निपाणीकडचे. त्यांची चौदा वर्षांची कन्या गेली दोन वर्षे शहराबाहेरील एका अश्वारोहण शाळेत दर रविवारी शिकावयास जाते. पावसाळ्याच्या तोंडी ती घोड्यावरून पडली. मनगटाचे हाड मोडले, काही आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. यथावकाश प्लास्टर निघाले, डॉक्टरांनी स्वारीस हरकत नाही असे सांगितले, आणि तेथून पुढे खरी अडचण सुरू झाली. मुलगी शनिवारी रात्री मोठ्या हौसेने बूट पुसून ठेवी आणि रविवारी पहाटे तिचे पोट दुखू लागे.

तिची आई एके दिवशी मला म्हणाली, "ताई, तुम्ही इतके वाचता. हिला परत घोड्यावर बसवू, की हा नादच सोडून देऊ? मी 'बस' म्हटले आणि पुन्हा काही झाले तर? आणि 'सोड' म्हटले तर जन्मभर ते पडणेच तिच्या लक्षात राहील."

या सदरात आपण परीक्षेची भीती, निद्रानाश, मुलांचा हट्ट अशा घरगुती विषयांचा विचार करीत आलो आहोत. त्यांत घोड्याचे काय काम, असे काही वाचकांस वाटेल. परंतु भीती वाटत असताना ती लपवून भागत नाही असे प्रसंग आयुष्यात थोडेच असतात, आणि घोड्याची पाठ हे त्यांपैकी एक आहे. शिक्षकापासून भीती लपविता येते, आईपासूनही एखादे वेळी लपविता येते. ज्याच्या पाठीवर आपण बसलो आहोत त्या प्राण्यापासून ती लपविता येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा फार गाजला होता. त्याचे मालक फॉन ओस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक होते. बेरीज विचारली की हान्स खुराने जमिनीवर तितके ठोके देई. लोक थक्क होत. त्यात फसवणूक आहे की काय हे पाहण्यासाठी १९०४ साली एक समितीही नेमली गेली आणि तिला कोणतीही लबाडी आढळली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने शोध घेतला. त्याचा वृत्तान्त १९०७ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न विचारणाऱ्यास स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल, अथवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सला उत्तर येत नसे. ठोके योग्य संख्येपर्यंत पोहोचले की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित वर होई, आणि ती एवढीशी हालचाल पाहून हान्स थांबत असे. त्याला गणित येत नव्हते, त्याला माणसे वाचता येत होती. गंमत अशी की हे गुपित कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल पूर्णपणे थांबविता आली नाही.

याच अंगाने स्वीडनमध्ये झालेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. काही माणसांना घोडा हाताने धरून, तर काहींना घोड्यावर बसून, एका ठिकाणापासून दुसऱ्या ठिकाणापर्यंत चार वेळा जावयास सांगितले. चौथ्या खेपेपूर्वी त्यांना कळविण्यात आले की, या वेळी घोडा जवळून जाताना एक छत्री एकदम उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. परंतु त्या खेपेस माणसांच्या छातीचे ठोके वाढले, आणि घोड्यांच्याही छातीचे ठोके वाढले. घोड्यांना छत्रीची वार्ता कोणी दिली नव्हती. ती त्यांना लगामातून, दोरीतून आणि मांडीतून कळली.

हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. घोडा हा शिकार होणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात, त्यामुळे कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग सोडला तर भोवतालचे बहुतेक सर्व त्याला दिसते. अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी तो थरथरवितो. इतक्या जागृत कातडीवर पाचशे किलोंच्या धडाचा मालक आपल्याला बसवून घेतो! आता स्वार घाबरला म्हणजे प्रथम त्याचा श्वास अडकतो. श्वास अडकला की पोट आणि मांड्या आवळल्या जातात, गुडघे खोगिराला चिमट्यासारखे धरतात, टाचा वर येतात. शिकलेल्या घोड्याच्या भाषेत मांडी आवळण्याचा अर्थ 'पुढे चल' असा असतो. घोडा पुढे निघतो. स्वार आणखी घाबरतो आणि लगाम ओढतो. म्हणजे पाय सांगतात 'पळ' आणि हात सांगतात 'थांब'. अशा वेळी घोडा अडतो, मान उडवितो किंवा उधळतो, आणि आपण म्हणतो घोडाच द्वाड निघाला.

याच कारणासाठी आपल्या जुन्या भाषेत स्वाराच्या कौशल्याला 'मांड' म्हणत असावेत. इंग्रजी मजकूर मराठीत आणण्याचा माझा रोजचा व्यवसाय. त्यात 'आत्मविश्वास' हा शब्द दिवसातून चार वेळा लिहावा लागतो. तो शब्द वाईट नाही, परंतु तो कोठेतरी डोक्यात राहतो. 'मांड बसली' या शब्दात मन आणि शरीर वेगळी करताच येत नाहीत. मांड बसली म्हणजे कमरेखालचे शरीर घोड्याबरोबर वाहू लागले आणि त्याच क्षणी मनातील कालवाकालवही बसली.

ही भाषा येथे परकी नाही. १६३८ नंतर बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली, तेव्हापासून मराठी स्वारांच्या घोड्यांच्या टापा या मुलखाने ऐकल्या आहेत. पुढे म्हैसूर संस्थानचे भालाईत स्वार २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूरच्या स्वारांबरोबर हैफाच्या लढाईत लढले. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार स्वतःचा घोडा आणी आणि बारगिराला सरकारी पागेतला घोडा मिळे. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. आजच्या अश्वारोहण शाळेतील मुले बारगीरच म्हणावयाची. आज हा घोडा, पुढल्या रविवारी दुसरा. घोडा बदलला की ओळख पुन्हा पहिल्यापासून करावयाची, आणि भित्र्या मनाला हीच गोष्ट जड जाते.

बंगळूरच्याच एका स्वाराची हकीकत येथे सांगितली पाहिजे. फवाद मिर्झा हा १९९२ साली जन्मलेला तरुण घोड्यांच्या डॉक्टरांचा मुलगा. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत त्याने 'सेन्यॉर मेडिकॉट' या घोड्यावर 'इव्हेंटिंग' या प्रकारात वैयक्तिक रौप्यपदक मिळविले. १९८२ साली दिल्लीत रघुबीर सिंग यांनी सुवर्णपदक मिळविल्यानंतर छत्तीस वर्षांनी भारताच्या वाट्यास आलेले अश्वारोहणातील ते पहिले वैयक्तिक पदक. राकेश कुमार, आशिष मलिक व जितेंदर सिंग यांच्यासह त्याला सांघिक रौप्यपदकही मिळाले. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली भरले, तेव्हा वीस वर्षांच्या खंडानंतर तेथे भारताचा स्वार उतरला. तो फवादच. तो अंतिम उड्यांच्या फेरीपर्यंत पोहोचला आणि तेविसावा आला.

इव्हेंटिंगमध्ये एकाच जोडीला तीन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली रिंगणातील शिस्तबद्ध चालींची. दुसरी मोकळ्या रानात ओंडके, खंदक, पाणी ओलांडीत धावण्याची. तिसरी रिंगणातील उड्यांची. पैकी दुसरीचा नियम मला फार विचार करण्याजोगा वाटतो. त्या मार्गावरून घोड्याला आधी नेता येत नाही. घोडा प्रत्येक अडथळा त्या दिवशी प्रथमच पाहतो. स्वार मात्र आदल्या दिवसांत तो सगळा मार्ग पायी फिरून पाहतो. एकदा नव्हे, दोनदा-तीनदा. जमीन कोठे निसरडी आहे, सकाळच्या उन्हात कोणता ओंडका सावलीत जाईल, वळणापासून उडीपर्यंत घोड्याच्या किती ढांगा बसतील, हे तो पावलांनी मोजतो. नंतर रात्री डोळे मिटून तोच मार्ग तो मनात पुन्हा धावतो.

स्वाराच्या मानसिक शिक्षणाचा गाभा हाच आहे. याला कोणी दिवास्वप्न म्हणेल, परंतु दिवास्वप्नात आपण थेट पदकाच्या व्यासपीठावर उभे असतो. येथे मनातला घोडा खऱ्या घोड्याच्याच वेगाने धावावा लागतो. मार्गाला सहा मिनिटे लागणार असतील तर मनातही सहा मिनिटे लागावयास हवीत. शिवाय त्यात अडचणीही घालाव्या लागतात: तिसऱ्या ओंडक्यापाशी घोडा बिचकला तर मी काय करीन, रिकिबीतून पाय सुटला तर काय करीन. उत्तर आधीच ठरलेले असले म्हणजे प्रसंगी मनाला विचार करीत बसावे लागत नाही. ज्याला मार्ग पाठ आहे त्याची नजर पुढच्या वळणाकडे असते, आणि नजर पुढे असली की खांदे व वजन योग्य जागी राहते. ओंडक्याकडे खाली पाहणाऱ्याचे वजन पुढे कलते, आणि घोडाही तेथेच पाय रोवतो. रिंगणातील चालींचा क्रम पाठ करण्यासाठी अनेक स्वार घरच्या दिवाणखान्यात खुर्च्या मांडून पायीच चाली करून पाहतात. शेजारी हसले तर हसू द्यावे.

राहिला पडण्याचा प्रश्न. "पडलास की लगेच पुन्हा चढ, नाहीतर भीती बसेल," हा जुना उपदेश आपण सर्वांनी ऐकलेला आहे. त्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचा. जर्मनीचा फॉन वांगेनहाइम हा अधिकारी रानातील मार्गावर पडला, त्याचे गळपट्टीचे हाड मोडले, तरी तो पुन्हा घोड्यावर चढला आणि त्याने संघाला सुवर्णपदक मिळवून दिले. त्या काळी या पराक्रमाचे पोवाडे गायिले गेले. आज तीच गोष्ट कोणी करू म्हटले तर करता येणार नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे रानातील मार्गावर स्वार पडला की त्याची स्पर्धा तेथेच संपते. मला हा बदल योग्य वाटतो. डोक्याला मार लागलेल्या माणसाला आपल्याला काय झाले आहे हे बहुधा समजत नसते. तो "मी ठीक आहे" असेच म्हणतो. म्हणून मुलगा किंवा मुलगी पडल्यास प्रथम डॉक्टर, आणि आदळलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी ते बाद करून नवे घ्यावयाचे. काहीच लागले नसेल आणि मुलाची इच्छा असेल तर त्याच दिवशी दोन फेऱ्या सावकाश मारण्यास हरकत नाही. परंतु लाजेने किंवा धाकाने चढविलेले मूल भीती विसरत नाही. ते भीती दाबून धरते, आणि दाबलेली भीती मांडीत उतरते.

मग भीतीशी वागावे कसे? डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंना १९४४ साली पोलिओ झाला. त्या वेळी त्या गरोदर होत्या. गुडघ्यांखालचे पाय कायमचे निकामी झाले. घोड्यावर चढण्या-उतरण्यास त्यांना दुसऱ्याचे साहाय्य लागे. १९५२ पर्यंत ऑलिंपिकमधील चालींच्या स्पर्धेत केवळ लष्करी अधिकाऱ्यांनाच प्रवेश होता. त्या वर्षी हेलसिंकीत प्रथमच स्त्रियांना व नागरिकांना वाट मोकळी झाली, आणि हार्टेलबाईंनी 'ज्युबिली' या घोडीवर रौप्यपदक मिळविले. पदक घेताना सुवर्णपदकविजेत्या स्वीडिश अधिकाऱ्याने त्यांना आधार देऊन व्यासपीठावर चढविले. चार वर्षांनी त्यांनी पुन्हा रौप्यपदक मिळविले. या हकीकतीचे तात्पर्य 'इच्छा तेथे मार्ग' असे सांगण्याची प्रथा आहे. मला मात्र त्यातील दुसरीच बाजू महत्त्वाची वाटते. ज्यांच्या पायांत टाच मारण्याचे बळ नाही त्यांना घोड्याला वजनाने, पाठीच्या कण्याने आणि श्वासानेच सांगावे लागते. आवळून धरण्याची सोयच नव्हती. सामान्य स्वार भीतीपोटी जे सर्वांत आधी करतो, ते त्यांना करता येत नव्हते.

श्वासाची गोष्ट सोपी आहे आणि म्हणूनच ती कोणी मनावर घेत नाही. 'घाबरू नकोस' असे सांगून कोणाची भीती जात नाही, कारण त्यात करावयाचे असे काहीच नसते. 'लांब श्वास सोड', 'टाचा खाली', 'त्या झाडाकडे पाहा', ही सांगणी शरीराला समजतात. ज्याला श्वास सोडणेही सुचत नाही त्याला मोठ्याने बोलावयास लावावे. गाणे म्हणा, ढांगा मोजा, काहीही करा. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही. व्हिएन्नाच्या जुन्या स्पॅनिश अश्वविद्यालयात तर नवशिक्यांना कित्येक महिने लांब दोरीवर वर्तुळात फिरणाऱ्या घोड्यावर लगामाविना व रिकिबीविना बसवितात. धरावयास काही नाही म्हटल्यावर मांडच बसवावी लागते.

आणि राग. ग्रीक लेखक झेनोफन याने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी अश्वविद्येवर पुस्तक लिहिले, त्यात रागाच्या भरात घोड्याशी कधीही वागू नये असे तो बजावतो. भ्यालेला घोडा ज्या वस्तूला भितो तिच्यापाशी त्याला मारून नेले तर ती वस्तू आणि मार यांची त्याच्या मनात गाठ पडते, हेही त्याला ठाऊक होते. घाबरलेल्या मुलांच्या बाबतीत आपल्याला अजून ते ठाऊक झालेले नाही.

त्या मुलीच्या शाळेतील प्रशिक्षक हे सैन्यातून निवृत्त झालेले, मितभाषी कन्नड गृहस्थ आहेत. आईने माझ्यासमोरच त्यांना फोन केला. ते एवढेच म्हणाले, "तिला आणा. बसवायचे की नाही ते नंतर पाहू."

पहिल्या रविवारी मुलीने घोड्याला खरारा केला आणि मोतद्दाराबरोबर त्याला पाणी दाखविले. खोगीर चढविलेसुद्धा नाही. दुसऱ्या रविवारी ती उभ्या घोड्यावर दहा मिनिटे बसली आणि उतरली. आईला वाटले, यासाठी का एवढे पैसे आणि दोन तासांचा प्रवास! परंतु त्या शनिवारी रात्री मुलगी झोपली, आणि रविवारी पहाटे पोट दुखले नाही. प्रशिक्षकांचा हिशेब सरळ होता. जे जमते तेथपर्यंत मागे यावयाचे, आणि जमत असतानाच थांबावयाचे. भीती वाढल्यावर थांबले तर मनात शेवटची आठवण भीतीची राहते.

तिसऱ्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. या वेळी घोडा दुसराच होता, उंच, करड्या रंगाचा. मुलगी त्याच्यापाशी बराच वेळ उभी राहिली, नंतर चढली. लांब दोरीचे टोक प्रशिक्षकांच्या हातात. कदमचाल ठीक झाली. दुडकी सुरू होताच तिचे गुडघे आवळलेले मला कुंपणापासूनही दिसले आणि घोड्याचे कान मागे वळले. "बोल," प्रशिक्षक म्हणाले. "काय बोलू?" "काहीही." क्षणभर काही नाही, मग त्या कन्नड मुलखातील मैदानावर खणखणीत मराठीत तेराचा पाढा ऐकू येऊ लागला. तेर साती एक्क्याण्णवला ती अडखळली, हसली, आणि त्या हसण्यात तिचे खांदे खाली आले. घोड्याने मान लांब करून फुरकारा टाकला. पुढच्या फेरीत दुडकी मऊ झाली होती.

माझ्या शेजारी तिच्या आईने कुंपणाचा बांबू दोन्ही हातांनी इतका घट्ट धरला होता की बोटे पांढरी पडली होती. प्रशिक्षकांनी दोरी न सोडताच आमच्याकडे पाहिले.

"अम्मा, तुम्ही थोड्या लांब उभ्या राहा," ते म्हणाले, "नाहीतर तुम्हीसुद्धा काहीतरी म्हणा. घोडा तुमच्याकडेच पाहतो आहे."

आई बांबू सोडून मागे सरली, आणि ओठांतल्या ओठांत चौदाचा पाढा म्हणू लागली. उडीचा विषय अजून त्या घरात निघालेला नाही.